लाल फूल नसलेला रकाना

"मोठ्यानं बोल. मशीनला ऐकू येत न्हाई."

छोट्या मालकानं हे तिसऱ्यांदा सांगितलं. सकाळचे अकरा वाजले असतील. सेनगावच्या गॅस एजन्सीत पन्नास-साठ माणसं रांगेत उभी होती, बहुतेक बायाच. मी काउंटरच्या आत होते. अठरा वर्षं ज्या खुर्चीवर बसत आले त्याच खुर्चीवर. पुढं नवा कॉम्प्युटर, त्याला लावलेला बारका माइक. पडद्यावर माझं नाव. त्याच्या खाली एक रकाना, पतीचे नाव. तो रिकामा.

नवा प्रोग्राम त्याच दिवशी सुरू झाला होता. सगळ्या ग्राहकांची माहिती पुन्हा भरायची होती. शिकवायचं म्हणून छोट्या मालकानं पहिला फॉर्म माझाच घेतला, कारण माझ्या घरचा गॅसही त्याच एजन्सीचा. मला टाइप करता येत नव्हतं. म्हणून माइक. तोंडानं बोलायचं आणि मशीननं लिहायचं.

मी माझं नाव बोलले. गावाचं नाव बोलले. तिथं थांबले.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं ते घेतलं. ते जिवंत होते तोवर मी कधी घेतलं नाही. ते जाऊन अकरा वर्षं झाली, त्या अकरा वर्षांतही नाही.

मी म्हणाले, "मालक, रांगेतल्या बाईला विचारा. ती सांगंल. आमच्याच गल्लीतली हाय."

"ती काहून सांगंल? ज्याचा फॉर्म त्यानं बोलायचं. मी न्हाई मागत, मशीन मागतंय."

तो रांगेकडं वळला आणि म्हणाला, "मेलेल्या माणसाचं नाव घ्यायला लाजून राहिली म्हातारी."

पुढची दोन माणसं हसली. त्यानं पडदा धरून रांगेकडं फिरवला, लोकांना दिसावा म्हणून.

मी नाव घेतलं. हळू घेतलं. तो म्हणाला, मोठ्यानं. पुन्हा घेतलं. तो म्हणाला, मशीनला ऐकू येत नाही. मग मी लांब गेलेल्या मेंढराला हाळी देतात तशी ओरडले. पडद्यावर अक्षरं उमटली. सगळ्यांनी वाचली.

"जमलं की. आता उखाणा बी घे एखादा."

या वेळी बरेच हसले. बायाही हसल्या.

मला काही वाटलं नाही. खरं सांगते. राग आला नाही, रडू आलं नाही. पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला वाटत नाही, तसं माझं तोंड झालं होतं. मी पडदा परत माझ्याकडं वळवला आणि पुढच्या बाईला आवाज दिला.

मी चौथी शिकलेली. माझं माहेर सिद्धेश्वरच्या धरणाकडचं, सासर सेनगावजवळचं, दोन्हीकडं मेंढरं. चौथीनंतर बापानं काठी हातात दिली. मेंढरांमागं राहून मला एक गोष्ट आली. तोंड बघितलं की मी विसरत नाही. लोकांना सगळी मेंढरं सारखी दिसतात. मला दोनशेतलं कोणतं नाही ते लांबून कळायचं.

थोरल्या मालकांनी मला झाडलोट करायला ठेवलं होतं. वर्षभरात त्यांच्या लक्षात आलं की कोणती बाई कोणत्या गावची, तिची टाकी कधी गेली, नंबर कधी लावला, हे मला वही न बघता सांगता येतं. त्यांनी मला काउंटरवर बसवलं. म्हणाले, "बाई, तू झाडू ठेव अन् रजिस्टर घे." तेव्हापासून रजिस्टर माझ्याकडं.

त्या रजिस्टरातही नवऱ्याच्या नावाची जागा होती. पण काउंटरवर एक रीत पडली होती. बाई पुढं आली की मी तिच्या मागच्या बाईकडं बघायचे. मागची बाई पुढचीच्या नवऱ्याचं नाव सांगायची. मग ती पुढं आली की तिच्या नवऱ्याचं नाव तिच्या मागची सांगायची. कुणाला काही बोलावं लागत नव्हतं. जिला ओळखणारी रांगेत कुणी नसायची ती थोरल्या लेकराचं नाव सांगायची, मी लिहायचे, 'गंगूचे वडील.' माझ्या रजिस्टरात अशा कितीतरी गंगूंचे वडील होते. थोरल्या मालकांनी एकदाच वाचलं, हसले आणि सही करून दिली. अठरा वर्षांत एक टाकी चुकीच्या घरी गेली नाही.

मग थोरले मालक अंथरुणाला खिळले. मुलगा आला. पुण्याला शिकलेला, तिशीतला. घरची जमीन मोठी, गावात बापाचा मान, तो सगळा मान याला आयता मिळालेला. त्यानं मला पहिल्या दिवसापासून एकेरीत बोलवलं. माझ्या लेकीपेक्षा लहान असंल तो. रजिस्टर त्यानं माळ्यावर टाकलं. म्हणाला, दोन महिने देतो. दोन महिन्यांनी माझ्यासमोर दहा फॉर्म एका बैठकीत भरायचे, एकही चूक न करता, माइक न घेता. जमलं तर काउंटर, नाही तर झाडू. "मेंढरं राखायचं काम न्हाई हे."

मला काउंटर पाहिजे होता. घरी मी एकटी. एक मुलगी, ती डोंगरकडा गावात दिलेली, तिचं तिला पुरेसं. पण खरं कारण ते नाही. अठरा वर्षं खुर्चीवर बसलेल्या बाईला झाडू परत घेता येतो, हात मोडत नाही. पण ज्या रांगेपुढं बसले त्याच रांगेच्या पायांखालून झाडायचं, हे मला नको होतं.

एजन्सीच्या बाजूला शबानाचं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्मही तीच भरून देते. विधवा आहे, चाळिशीतली, तोंडानं फटकळ. मी तिला म्हणाले, मला कॉम्प्युटर शिकव. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मौशी, इस उमर में?"

"ह्या उमरीतच काढून राहिले मला."

ती हसली नाही. म्हणाली, दुपारच्या सुट्टीत या, डबा इथंच खा.

पहिल्या दिवशी मी माउस टेबलावरून उचलून हवेत फिरवला. पडद्यावरचा बाण काही हलेना. शबानानं माझा हात धरून खाली टेकवला. पडद्यावर एक उभी रेघ लुकलुक करायची. मला वाटलं काहीतरी चिकटलंय, मी पदरानं पुसली. शबाना म्हणाली, पुसू नका, ती तुमची वाट बघती, ती जिथं उभी तिथं अक्षर पडणार. हे मला समजलं. त्यानंतर मी त्या रेघेला कधी घाबरले नाही.

बटणांवरची अक्षरं इंग्रजी. मला इंग्रजी येत नाही. गेल्या वर्षीचं कॅलेंडर उलटं केलं, त्याच्या पाठीवर शबानाकडून सगळी बटणं काढून घेतली, प्रत्येकावर आपलं अक्षर लिहून घेतलं. ते घरी भिंतीला लावलं. सकाळी गॅसवर चहा होईतोवर त्या कागदावर बोटं मारायची. आवाज नाही, अक्षर नाही, नुसतं बोट कागदावर. शेजारीण एकदा दारातून बघून गेली. तिला वाटलं असंल म्हातारी फिरली. तिला मी काही सांगितलं नाही.

महिन्यानं मी न बघता माझं नाव लिहू शकत होते. ओटीपी म्हणजे काय, तो कुणाला सांगायचा, कुणाला नाही, हे शिकले. पासवर्ड शिकले. कागदाचा फोटो घेऊन फॉर्मला जोडायचं शिकले. पडदा अडकला की घाईनं दहा वेळा बटण दाबायचं नाही, थांबायचं, हे शिकायला सगळ्यात जास्त दिवस लागले.

आणि एजन्सीत तेवढ्याच दिवसांत मी दुसरंही काही शिकले. ते लिहायचं मनात नव्हतं. पण ते सोडलं तर बाकीचं सांगायला अर्थ नाही.

त्या पहिल्या दिवसानंतर छोट्या मालकाला खेळ सापडला होता. म्हातारी बाई आली की तो आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर यायचा. मागच्या बाईनं सांगायची रीत त्यानं बंद केली. तरण्या पोरी नाव पटकन सांगून मोकळ्या व्हायच्या, त्यांच्यात त्याला गोडी नव्हती. साठीच्या पुढची बाई, डोक्यावर पदर, तिला तो माइकपुढं उभी करायचा. मोठ्यानं बोल. मशीनला ऐकू येत न्हाई. दोन-चार जण रांगेत नुसते हे बघायला रेंगाळायचे.

आणि तो नसला की मी बोलायचे. "बोल बाई, मशीन मागतंय." तेच शब्द. मी असं काहून बोलले, याचं उत्तर माझ्याकडं आहे. काउंटर पाहिजे होता. दुसरंही एक आहे. मला ओरडायला लावलं होतं, मग हिला काय झालं ओरडायला, असं आत कुठंतरी होतं. एकेक बाई लाजायची, घाम पुसायची, नाव घ्यायची. मी लिहून घ्यायचे. मला काही वाटत नव्हतं.

पारबताबाई माझ्याच वयाची. माळावरच्या गावची, घरी चार शेरडं, जीपनं यायची. तिचा नवरा जिवंत आहे, आंधळा आहे. पहिल्या खेपेला छोट्या मालकानं तिला माइकपुढं उभं केलं. ती बोलली नाही. पदर दातात धरला आणि उभी राहिली. तो म्हणाला, मग फॉर्म होत नाही, टाकी मिळणार नाही. ती परत गेली. दुसऱ्या खेपेला आली तेव्हा तो नव्हता, मी होते. मी तिला म्हणाले, "बोल न बाई, मशीन मागतंय. काय हुतंय. मी बी बोलले."

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "तू बोलली असशील."

एवढंच म्हणाली. आणि तशीच जीपनं माघारी गेली. मला तिच्या गावच्या बायांकडून कळलं की ती तुराट्या पेटवून स्वयंपाक करते, धुरानं खोकते. ऐकलं आणि पुढचा फॉर्म घेतला.

परीक्षेला तीन दिवस राहिले होते. शबानाच्या दुकानात मी एका पोरीचा फॉर्म भरत होते, शिष्यवृत्तीचा. एका रकान्यापाशी अडले. त्या पोरीकडं तो कागद नव्हता. मी तिला म्हणाले, आज होणार नाही, मशीन मागतंय.

शबाना आतून म्हणाली, "मौशी, लाल फूल है क्या उसके बाजू में?"

"कसलं फूल?"

ती उठून आली. पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. काही नावांपुढं बारकं लाल फुलासारखं चिन्ह होतं. ते मी रोज बघत होते. मला वाटायचं सजावट आहे.

"लाल फूल है वोइच भरना पडता. बाकी खाली छोड देव. मशीन कुछ नई बोलती."

मी तो रकाना सोडून दिला. बटण दाबलं. फॉर्म गेला.

दुपारची सुट्टी संपली. मी एजन्सीत आले, खुर्चीवर बसले, नवा फॉर्म उघडला. ग्राहकाचे नाव, लाल फूल. गाव, लाल फूल. मोबाइल, लाल फूल. आधार, लाल फूल.

पतीचे नाव. पुढं काही नाही.

मी पडद्याजवळ डोळे नेले. चष्मा पुसला. काही नाही. कोरी जागा.

मशीननं कधीच मागितलं नव्हतं. माझ्याकडंही नाही.

तेव्हा तरी मी उठायला पाहिजे होतं. उठले नाही. तीन दिवस गप्प बसले. परीक्षा पास व्हायची होती. त्या तीन दिवसांत किती म्हाताऱ्या आल्या मला ठाऊक आहे, सगळ्यांची तोंडं ठाऊक आहेत. सगळ्यांना मी विचारलं. सगळ्यांनी सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी छोटा मालक माझ्या खुर्चीमागं उभा राहिला, हाताची घडी घालून. मी माइक बाजूला सारला. पहिला फॉर्म भरला. दुसरा भरला. बोटं बराबर पडत होती. तो काही बोलत नव्हता, त्यावरून कळत होतं की चूक नाही. सहा फॉर्म झाले. सहाही बायांना मी नवऱ्याचं नाव विचारलं. लाल फूल नाही हे माहीत असून विचारलं. हे लिहून ठेवते.

सातवी पारबताबाई.

तिसऱ्या खेपेला आली होती. डोळे लाल, धुराचे. तिनं कार्ड काउंटरवर ठेवलं आणि पदर आधीच दातात धरला. ती काही मागत नव्हती. मी विचारणार आणि ती परत जाणार, हे तिनं घरूनच ठरवून आणलं होतं. तरीही जीपनं आली होती.

मी तिचं नाव लिहिलं. गाव लिहिलं. मोबाइल नंबर. आधार. अंगठा घेतला. पतीच्या नावाचा रकाना सोडला आणि बटण दाबलं.

पडदा हिरवा झाला. नोंद पूर्ण.

मागून आवाज आला, "ते खाली काहून सोडलं?"

"तिथं लाल फूल न्हाई."

"काय?"

"लाल फूल न्हाई तो रकाना भरावा लागत न्हाई."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"मशीननं."

मी मागं वळून त्याच्या तोंडाकडं बघितलं. मी तोंडं बघत आयुष्य काढलंय. त्याला हे आज कळलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मी विचारलं, "मग मला काहून बोलायला लावलं, मालक?"

तो खांदे उडवत म्हणाला, "एवढं काय बिघडलं? दोन घटका मजा. नाव घेतल्यानं कुणी मेलं का?"

रांग ऐकत होती. या वेळी कुणी हसलं नाही. पण कुणी काही बोललंही नाही, तेही सांगते.

तो पुन्हा म्हणाला, "तिच्या नवऱ्याचं नाव विचार अन् भर. न्हाई तर परीक्षा इथंच संपली."

"न्हाई विचारत."

"झाडू कुठं असतो माहीत हाय न?"

"माहीत हाय. मीच ठेवत होते."

मी खुर्चीवरून उठले. मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही. पारबताबाई तिथंच उभी होती, कार्ड हातात.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. टाकी येईल."

"ह्यांचं नाव?"

"लागत न्हाई."

ती दाराकडं निघाली. चार पावलांवर थांबली, परत आली आणि हळूच मला विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती.

"मग मागल्या खेपेला तू काहून म्हणाली, मशीन मागतंय?"

मी खाली बघत खुर्ची टेबलाखाली सारली. ती जीप गाठायला गेली.

माझा पासवर्ड त्याच दिवशी बंद झाला. माझ्या खुर्चीवर आता दुसरी मुलगी बसते, शिकलेली, चांगली आहे. मी झाडू मारते. थोरल्या मालकांनी ज्या कामावर घेतलं होतं त्याच कामावर अठरा वर्षांनी परत आले. ज्या पायांखालून झाडायचं नव्हतं त्याच पायांखालून झाडते. वाटलं होतं तेवढं अवघड नाही. वाईट वाटायला जे लागतं ते माझ्यात आता थोडं कमीच उरलंय.

पण झाडू घेऊन रांगेच्या कडेनं जाता येतं. दारापासून काउंटरपर्यंत, प्रत्येक बाईजवळून. मी वाकलेली असते, कुणाचं लक्ष नसतं. मी सांगत जाते. लाल फूल बघा. फूल नसंल तर सांगू नका. मोठ्यानं बोल म्हणाला तर बोलू नका. कुणी ऐकतं, कुणी पाय उचलून बाजूला होतं, झाडायला जागा देतं आणि समोर बघत राहतं. माइक अजून काउंटरवर आहे. पण मागच्या आठवड्यात एका म्हातारीनं पदर दातात न धरता विचारलं, "फूल कुठं हाय, दाखव." छोटा मालक आत निघून गेला.

तो मला काढणार. आज नाही तर पुढच्या महिन्यात. मग मी दाराबाहेर उभी राहीन. रस्ता त्याच्या बापाचा नाही.

दुपारी मी अजून शबानाकडं जाते. ती विचारते, आता कशाला, मौशी, काउंटर तर गेला. मी म्हणते, शिकव. आता मी रेशनचे फॉर्म भरते, पेन्शनचे भरते. पुढं अजून मशीनं येतील. प्रत्येक मशीनच्या बाजूला कुणीतरी उभं राहील आणि म्हणेल, मी नाही मागत, हे मागतंय. ज्याला वाचता येत नाही तो मान खाली घालून देईल. माझ्यापुढं आता तसं कुणी म्हणालं तर मी आधी पडदा माझ्याकडं फिरवून घेणार.

एक काम राहिलंय. ज्या बायांना मी विचारलं, त्यांची तोंडं मला पाठ आहेत. गावंही पाठ आहेत. एकेकीच्या दारी जाऊन सांगणार आहे की मशीन मागत नव्हतं. मी मागत होते. पहिले जवळजवळ दोन महिने माहीत नसताना, शेवटचे तीन दिवस आणि परीक्षेच्या सकाळी माहीत असताना. माफी मागायला जात नाही. माफ करायचं की दारातून हाकलायचं ते त्यांनी बघावं. खरं काय ते त्यांच्या कानावर माझ्या तोंडून गेलं पाहिजे. पहिली पारबताबाई. जीप सकाळी नऊला सुटते.

माझ्या नवऱ्याचं नाव मी या कागदावर कुठं लिहिलं नाही. मला लिहिता येतं, न बघता टाइपही करता येतं. रीत म्हणून सोडलं असं नाही. आता ते कुणी मागितलं तर मी आधी विचारणार, कशाला पाहिजे. उत्तर पटलं तर सांगीन.